पान्ह्याचं गाणं

मी रुजू झाले तेव्हा आमच्या रेडिओ केंद्रातल्या गाण्यांची नावं अशी होती: ‘आजी’, ‘आजी नवीन’, ‘आजी फायनल’, ‘आजी खरंच फायनल’ आणि ‘चहाच्या आधीचं’. यातली कुठली आजी कुठल्या गावची, ती भारूड म्हणते की पाळणा, हे ज्यानं रेकॉर्डिंग केलं त्यालाच ठाऊक, आणि तो नोकरी सोडून चाकणच्या कारखान्यात गेलेला. मावळातल्या मावळात ऐकू येणारं एवढंसं केंद्र. जुन्या इमारतीत दोन खोल्या. एका खोलीत बोलायचं आणि दुसरीत गप्प बसायचं. गप्प बसायच्या खोलीत गाण्यांचा संग्रह होता, आणि तो सांभाळायला मी.

त्याआधी मी लोणावळ्याच्या एका शाळेत ग्रंथालय सांभाळत होते. पुस्तकांचं एक बरं असतं, ती खोकत नाहीत. गाणी खोकतात. आमच्याकडची गाणी गावोगावच्या अंगणात, ओट्यावर, गोठ्याशेजारी बसून घेतलेली. पाळण्यात कुकरची शिट्टी, भजनात मागे येणाऱ्या टेम्पोची टूंटूं, आणि जात्यावरच्या एका सुरेख गाण्यात मधेच घरधनी विचारतोय, “माजा चार्जर कुटं ठिवला?” मला नीटनेटकेपणाचं वेड आहे. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर लिहिलेलंच डब्यात असतं. घरी येणारे लोक ते बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघून हळहळतात.

तेव्हा एके दिवशी आमचे साहेब म्हणाले, “तो संग्रह जरा स्वच्छ करून टाका,” तर मी पदर खोचूनच बसले. फायलींची नावं नीट लावा, एवढाच त्यांचा अर्थ होता, हे मला फार उशिरा कळलं. मी आवाज धुवायला काढले. पंखे घालवले, शिट्ट्या घालवल्या, चार्जरवाल्याला तर आधी घालवला. मूळ गाणी मात्र पुसली नाहीत. ग्रंथालयाची खोड, फाटकं पानसुद्धा टाकवत नाही. ती सगळी एका फोल्डरमध्ये कोंबली आणि फोल्डरला नाव दिलं ‘कचरा’.

सगळ्यात जास्त खपले ती एका ओवीवर. आमचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम सकाळी लागतो आणि तोच संध्याकाळी पुन्हा लागतो. त्याची सुरुवात इंदुरी गावाकडच्या एका मावशींच्या ओवीनं होते. आवाज खणखणीत, पण एक ओळ संपवून मावशी श्वास घ्यायला थांबल्या, की मागून एक रेडकू रेकायचं. बरं, एकदा नाही, दर ओळीनंतर, जणू आता पाळी त्याचीच. केंद्रात आलेल्या एका पाहुण्यांनी मला विचारलं, “हे दुसरे गायक कोण?” ते मला फार झोंबलं. अख्खी दुपार बसून मी ते रेडकू ओळीओळीच्या मधून कापून काढलं. गाणं थोडं आखूड झालं, पण कसं, धुतल्या तांदळासारखं. त्या दिवशी मी स्वतःलाच एक चहा जास्तीचा पाजला.

पुढच्याच आठवड्यात एक बाई केंद्राच्या दारात येऊन उभी राहिली. तिशीची असेल. चपला बाहेर काढलेल्या, हातात दुधाची रिकामी किटली.

“सकाळचं गानं तुमी बदललं का वो ताई?”

“बदललं नाही. तेच आहे. साफ केलंय.”

“मग पुन्ना घान करा,” ती म्हणाली.

ग्रंथालयात मोठ्यानं हसणाऱ्या मुलांकडे मी ज्या नजरेनं बघायचे, त्या नजरेनं मी तिच्याकडे बघितलं. तिच्यावर काही परिणाम झाला नाही. ती आत येऊन बसली आणि सांगायला लागली. ती त्या ओवीवाल्या मावशींची सून. तिची म्हैस आमच्या रेडिओवर दूध देत होती. गोठ्यात रेडिओ टांगलेला. सासूचं गाणं लागलं की म्हैस पान्हा सोडायची, सकाळी आणि संध्याकाळी, चार महिने बिनबोभाट. आता गाणं लागतं, म्हैस कान टवकारते, वाट बघते, आणि गाणं संपलं की चरवीला लाथ घालते.

“दूध वर चढवती. थेंब सोडंना.”

“डॉक्टरांना दाखवलं?”

“ते बघून गेले. म्हनले, म्हस ठनठनीत हाय, तिचं मन न्हाई.”

मला हसू आवरेना. तेवढ्यात ती म्हणाली, “घरधन्यानं यापारी बगितलाय. ह्या बाजाराला इकायची म्हनत्यात. दूध न्हाई तर वैरन कशाला घालायची? पर ती म्हस माज्या बापानं दिल्याली हाय, ताई, लग्नात. त्या घरात माज्या म्हायेरचं दुसरं काय बी न्हाई.” एवढं सांगून तिनं किटलीचं झाकण उगाचच काढलं आणि परत लावलं. माझं हसू कुठल्या कुठं गेलं आणि आपण हसलो याची लाज वाटली.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हशी आपल्या श्रोत्यांमध्ये धरतात का?” मी म्हटलं माहीत नाही. “धरत असतील तर अहवालात घालू,” असं म्हणून त्यांनी मला अर्धा दिवस जाऊ दिलं. मी ‘कचरा’ उघडून मूळ गाणं फोनवर घेतलं आणि तिच्याबरोबर सहा आसनी रिक्षात दहावी म्हणून बसले. त्या गाण्यातलं म्हशीला नेमकं काय हवं आहे हे मला कळलेलं नव्हतं. मला वाटत होतं, मी आवाज फारच घासला असणार.

मावशी दारातच उभ्या होत्या. मोठं कुंकू, ताठ मान. मला त्यांनी नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, “माज्या गळ्यातलं काय काढलंत तुमी?”

“तुमच्या गळ्यातलं काही नाही मावशी. मागचं काढलं.”

“माज्या मागं काय हाय? मी एकटी गायले.”

सून मला वाटेत सगळं बोलली होतीच. चार महिने मावशी गावभर सांगत होत्या, ‘माज्या आवाजाला म्हस पान्हवती.’ लोकांनी त्यांना बसायला पाट देणं सुरू केलं होतं. एका शेजारणीनं तर त्यांना आपल्या आटलेल्या गायीपुढे गायला नेलं, चहा दिला, नारळ दिला. गाय काही पान्हवली नाही. तेव्हा मावशींनी निकाल दिला की गायीला गाण्यातलं कळत नाही, ते म्हशीलाच कळतं. आणि आता तीच म्हैस ऐन वेळी उलटली, ती माझ्यामुळे.

धारेची वेळ झाली. सुनेनं कासेला पाणी मारलं आणि चरवी गुडघ्यात धरून बसली. आधी मी माझं धुतलेलं गाणं लावलं. म्हैस फोनकडे बघत रवंथ करत राहिली.

“आत्या, काय बी न्हाई,” सून सासूला म्हणाली.

“कसं असंल? ह्यांनी माजा आवाज पातळ केलाय. सर बाजूला.” मावशी म्हशीच्या कानाशी गेल्या, घसा खाकरला आणि गायला लागल्या. खरंच सांगते, माझ्या अंगावर काटा आला, एवढं त्या छान गायल्या. म्हशीनं माशी हाकलावी तसा कान हलवला आणि चरवीला लाथ मारली. मावशी म्हणाल्या, “घशाला कोरड हाय.” पाणी प्यायल्या, पुन्हा गायल्या, या खेपेला जरा चढ्या सुरात. म्हशीनं शेण टाकलं. गाढवापुढं वाचली गीता म्हणतात, पण गाढव निदान पाठ तरी फिरवत नाही. मावशींचं तोंड एवढंसं झालं आणि मला त्यांची फार कीव आली.

मग मी मूळ गाणं लावलं. मावशींची पहिली ओळ झाली, म्हैस ढिम्म. मावशींनी श्वास घेतला, आणि फोनमधून रेडकू रेकलं.

म्हशीनं मान अशी फिरवली की दावं ताणलं गेलं. दाव्याच्या टोकापर्यंत ती पुढे आली, फोन हुंगला आणि चाटायला लागली. माझा फोन, माझी बोटं, मनगट, घड्याळ, सगळं. दिवसातून चार वेळा फोनची काच पुसणारी बाई मी, पण हात मागे घेण्याची माझी छाती झाली नाही. खाली चरवीत पहिली धार वाजली.

“अहो, रेडकाला पान्हवते ती!” मी आनंदानं ओरडले. “कुठाय ते? मोठं झालं असेल ना आता?”

सून धार काढता काढता, मान वर न करता म्हणाली, “ते कवाच गेलं, ताई. तुमची मानसं गानं घिऊन गेली त्याच हप्त्यात. पोट फुगलं.”

त्या दुपारी मी ते ओळीओळीच्या मधून कसं शोधून शोधून कापलं होतं, ते आठवलं.

“म्हंजी मला न्हवं पान्हवत ती,” मावशी म्हणाल्या.

गाणं संपलं. म्हैस चाटायची थांबली. “लावा ताई, पुन्ना लावा,” सून म्हणाली, “लई दिसांचं साठलंय, अजून कास भरल्याली हाय.” पण काच लाळेनं निथळत होती. मी बोट फिरवलं तर कॅमेरा उघडला. पदरानं पुसली, पुन्हा बोट फिरवलं, तर फोन माझ्या नवऱ्याला लागला. म्हशीनं मागचा पाय उचलला. तेवढ्यात सुनेचा नवरा गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “यापाऱ्याचा फोन आलता. उद्या येतोय न्यायला.”

सुनेचे हात थांबले. माझ्या फोनमधून नवरा “हॅलो, हॅलो” करत होता.

मावशींनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग लुगडं सावरून त्या पुढे झाल्या, रेडकाच्या रिकाम्या खुंट्यापाशी उकिडव्या बसल्या, आणि रेकल्या. पहिला आवाज वाईट निघाला, घोगरा, त्या स्वतःच दचकल्या. दुसरा बरोबर लागला. म्हैस वळली आणि मावशींचं कपाळ, कुंकू, पिकले केस, सगळं चाटायला लागली. चरवीत धार पुन्हा सुरू झाली.

“कोण ओरडतंय?” माझ्या नवऱ्यानं फोनवर विचारलं. मी त्याला गप्प बस म्हणाले.

मुलगा आईकडे बघत दारातच उभा होता. मावशींनी म्हशीच्या जिभेखालून तोंड जरासं बाहेर काढलं.

“बगत काय ऱ्हायलास? त्याला फोन कर. म्हस इकायची न्हाई म्हनून सांग,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा रेकल्या.