राणीच्या तोंडावर सही

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी इंग्लंडच्या राणीची लेखी माफी मागितली होती. राणीला ते कधी कळलं नाही. माझ्या घरच्यांना मात्र कळलं, आणि त्यांनी अजून मला माफ केलेलं नाही.

तेव्हा आम्ही लेस्टरला होतो. हे तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, मी घरी. इतकी वर्षं राहूनही मी भारतीय पासपोर्ट सोडला नव्हता. "माझं मन तिकडे आहे," असं मी सांगत असे. खरं कारण म्हणजे फॉर्म भरायचा कंटाळा. पण लेक लग्न होऊन अमेरिकेत गेली, तिला दिवस राहिले, एप्रिलची तारीख मिळाली, आणि मन कुठे आहे हा प्रश्न मागे पडला. पहिलं बाळंतपण. आईने जायलाच हवं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा काढायचा म्हणजे लंडनला जाऊन रांगेत उभं राहा, मुलाखत द्या. मी म्हटलं, आपण काय रांगेत उभं राहणाऱ्यांतले आहोत का? ब्रिटिश झालं की व्हिसाच नको, सरळ विमानात बसायचं. असला हा माझा स्वाभिमान.

अर्ज आधीच गेला होता. जानेवारीत मंजुरीचं पत्र आलं: तीन महिन्यांच्या आत कौन्सिलमध्ये समारंभाला या, राणीशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्या, सर्टिफिकेट घेऊन जा. मग पासपोर्ट. हिशेब चोख बसत होता. मार्चअखेर मी लेकीकडे.

आणि त्याच जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू आलं.

आमच्या महाराष्ट्र मंडळाची नवीनच वेबसाइट झाली होती. नागपूरची एक सॉफ्टवेअरवाली मुलगी ती चालवायची. तिच्यात 'कट्टा' नावाचं एक पान होतं, त्यावर कुणीही काहीही लिहावं. म्हणजे फ्लॅट भाड्याने हवा, कढीपत्ता कुठे मिळतो, असलं. त्या वर्षी तिने कट्ट्यावर ऑनलाइन उखाण्यांची स्पर्धा ठेवली. सगळ्या बायकांनी चांदीच्या वाट्या न् मोगऱ्याची फुलं आणून टाकली. मला चेव आला. मी 'एक सुवासिनी' या नावाने राणीचा उखाणा लिहिला. म्हणजे राणीच हळदीकुंकवाला आली आणि बायकांनी दारात अडवून नाव घ्यायला लावलं, तर ती काय म्हणेल:

सोन्याच्या खुर्चीत बसून बसून पाय आले सुजून,
लेकाचे केस पिकले, तरी उठत नाही मी अजून;
दोन पावलं मागून येतात, चहा पितात गार,
अमुकरावांचं नाव घेते, कुत्र्यांनो, सोडा दार.

पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून तिळगुळाचा डबा मिळाला. लोकांनी उखाणा ईमेलवर पुढे पाठवला. मँचेस्टरहून माझ्या मावसबहिणीने तोच मला पाठवला, वर लिहिलं, "वाच, कुणीतरी वाह्यात बाई आहे तुमच्याकडे." मी दोन दिवस तरंगत होते.

तिसऱ्या दिवशी बेलग्रेव्ह रोडवर भाजीच्या दुकानात मला शिरस्तेदार भेटले. हे गृहस्थ मुलाकडे कायमचे राहायला आले होते. उभी हयात साताऱ्याच्या कोर्टात शिरस्तेदार, त्यामुळे मंडळात कायद्याच्या बाबतीत त्यांचाच शब्द शेवटचा मानत. पार्किंगच्या दंडापासून घटस्फोटापर्यंत लोक त्यांनाच विचारायचे. त्यांनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"वहिनी, तो राणीचा उखाणा तुमचा?"

"नाही बाई," मी म्हटलं.

"भाषा तुमची आहे."

"असेल. का हो?"

"एकशे चोवीस अ," ते म्हणाले.

"ते काय असतं?"

"राजद्रोह. राणी सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणे. आपल्याकडे त्यांनीच आणलं ना कलम? आपल्या केवढ्या केवढ्या माणसांना आत टाकलं त्याखाली. आता मला सांगा, शेजाऱ्याच्या घराला जो एवढं मोठं कुलूप लावतो, तो स्वतःच्या घराला कडी तरी लावत असेल की नाही?"

मी हातातली वांगी परत टोपलीत ठेवली.

"पण मी अजून शपथ कुठे घेतलीय?" मी म्हटलं. म्हणजे उखाणा माझाच, हे एका वाक्यात कबूल करून मोकळी.

"तेच तर. आधी अप्रीती, मग एकनिष्ठेची शपथ. म्हणजे शपथेवर खोटं. दोन कलमं झाली. पत्रात काही अट आहे का बघा."

घरी येऊन पत्र काढलं. होती. अर्जानंतर तुमच्या वर्तनासंबंधात काही बदल झाला असेल, तर समारंभापूर्वी कळवावे. पत्र चार वेळा मीच वाचलं होतं. ही ओळ दिसली नव्हती. आता दुसरी कुठली दिसेना.

हे जेवत होते. मी सगळं सांगितलं.

"या देशात रोज सकाळी पेपरवाले राणीची टोपी उडवतात," हे म्हणाले. "बाजारात तिच्या तोंडाचे मुखवटे मिळतात. तू कढी वाढ."

"ती त्यांची राणी आहे. त्यांनी उडवावी. आपण बाहेरून आलेली माणसं, आपली फाईल असते."

"बरं, मग तुरुंगात जाताना कढीची कृती लिहून ठेव."

तीस वर्षांच्या संसारात या माणसाचं मी कधी ऐकलं नव्हतं, तेव्हाच कशी ऐकणार होते? ते बरोबर बोलत होते हीच मोठी अडचण होती. नवऱ्याने फुकट सांगितलेलं बरोबर असू शकतं, हे त्या त्रेपन्न वर्षांच्या बाईला मान्यच नव्हतं.

मी वेबसाइटवालीला फोन केला. "अगं, तो उखाणा काढून टाक."

"का काकू? बेस्ट एन्ट्री आहे. आणि काढला तरी लोकांच्या इनबॉक्समध्ये आहेच की. इंटरनेटवरून काही जात नसतं."

"राणीचा अपमान होतोय त्यात."

"काकू, फ्रीडम ऑफ स्पीच आहे इथे. आपल्या कट्ट्याची पॉलिसीच आहे, कुणाचं काही काढायचं नाही."

"मग गेल्या पाडव्याला मी लिहिलेलं का काढलंस? श्रीखंड आंबट होतं म्हणून?"

"ते अध्यक्षांच्या घरचं होतं ना, काकू."

आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांच्या श्रीखंडावरची माझी दीड ओळ तासाभरात गेली होती, आणि वर मला एक ईमेल आला होता की कट्ट्याचे पावित्र्य राखावे. आता अख्ख्या इंग्लंडची राणी तिथे सुजलेले पाय घेऊन बसली होती, तर तिला हलवायला कुणी तयार नव्हतं. यातून त्या देशाच्या कायद्याबद्दल काहीतरी शहाणपण मिळत होतं. मी ते घेतलं नाही.

मी फेब्रुवारीचा समारंभ पुढे ढकलला. कौन्सिलला फोन करून सांगितलं, तब्येत बरी नाही. ते खोटंही नव्हतं. झोप उडाली होती. लेकीला सांगितलं, कागदपत्रांत थोडा उशीर आहे. ती म्हणाली, "आई, तू येतेयस ना पण?" मी म्हटलं, "म्हणजे काय."

मग शिरस्तेदारांच्या जेवणाच्या टेबलावर माफीनाम्याचा मसुदा सुरू झाला. तीन आठवडे चालला. त्यांना इतका आनंद निवृत्तीनंतर झाला नसावा. 'मी खाली सही करणार' इथून सुरुवात. मी लिहून देते की, सदरहू उखाणा कोणत्याही दबावाखाली नसताना परंतु सणाच्या भरात रचला असून, त्यातील कुत्री ही काल्पनिक आहेत. पाय सुजल्याचा मजकूर बिनशर्त मागे घेत आहे. त्यांचा मुलगा हे सगळं इंग्रजीत करत होता आणि मधूनमधून उठून बाथरूममध्ये जात होता. मला वाटायचं त्याचं पोट बिघडलंय. हसायला जात होता, हे मला काही वर्षांनी कळलं.

मसुदा झाल्यावर खरा पेच आला. रेव्हेन्यू स्टॅम्प.

"त्याशिवाय कागदाला किंमत नाही," शिरस्तेदार म्हणाले. "तिकीट लावायचं आणि त्यावरून आडवी सही."

"इथे तसलं तिकीट मिळत नाही हो."

"मग पोस्टाचं लावा. सरकारी तिकीट ते सरकारी तिकीट."

मी पर्समधून पोस्टाचं तिकीट काढलं. ते म्हणाले, "सेकंड क्लास? वहिनी, राणीची माफी आणि सेकंड क्लासच्या तिकिटावर? हा पुन्हा अपमान झाला." मी पोस्टात जाऊन फर्स्ट क्लासची घेऊन आले. एक लावलं, मग शंका नको म्हणून शेजारी दुसरं लावलं. आणि दोन्हींवरून, कागदापासून तिकिटावर आणि तिकिटावरून कागदावर, माझं संपूर्ण नाव झोकात लिहिलं. त्या तिकिटांवर कुणाचं चित्र आहे याकडे आम्हा तिघांपैकी एकानेही पाहिलं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं वळण, तिकीट दिसलं की हात आपोआप आडवा जातो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी तो कागद घेऊन कौन्सिलच्या ऑफिसात गेले. समोर साठीची इंग्लिश बाई, लोकरीचा स्वेटर, साखळीला चष्मा. मी म्हटलं, शपथेआधी मला एक गोष्ट कळवायची आहे, आणि कागद पुढे केला. तिने चष्मा चढवला. उखाणा इंग्रजीत जोडला होता. तिने सगळं शांतपणे वाचलं, पुन्हा वरून वाचलं.

"यात कुणाला इजा करायचा विचार आहे का?" तिने विचारलं.

"नाही, नाही."

"कुणाला केली आहे का?"

"नाही हो. गाणं आहे ते. बायका दारात अडवतात आणि नवऱ्याचं नाव घ्यायला लावतात."

"का?"

"एरवी घेत नाहीत म्हणून."

तिने याचा विचार केला. "माझा नवरा मला आवडला असता असल्या देशात," ती म्हणाली. मग तिने फॉर्म उलटसुलट चाळले. "मॅडम, याच्यासाठी आमच्याकडे रकानाच नाही. दिवाळखोरी आहे, चोरी आहे, दहशतवाद आहे. हे यातल्या कशात घालू?"

"चोरीच्या जरा वर," मी म्हटलं.

इतक्यात तिची नजर खाली गेली आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा बदलला.

"हे काय केलंत तुम्ही?"

"सही."

"पण तुम्ही राणीच्या तोंडावर लिहिलंय. दोन्हीकडे."

मी वाकून बघितलं. माझं आडनाव एका राणीच्या नाकातून निघून दुसरीच्या मुकुटात शिरलं होतं. माफीच्या कागदावर. मी सांगू लागले की आमच्याकडे असंच करतात, त्याशिवाय बोलणं खरं धरत नाहीत.

"म्हणजे तिकडे तुम्ही पंतप्रधानांच्या तोंडावर सही करता?"

"सिंहांच्या."

"सिंहांच्या," ती म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. चष्मा साखळीवर पडला. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ उठून आला, त्याने वाचलं, त्यालाही हसू आवरेना. दोन ब्रिटिश सरकारी नोकर एका राजद्रोही बाईसमोर डोळे पुसत होते, आणि ती बाई, सांगायला लाज वाटते, मनातून नाराज झाली होती. तीन आठवडे जागून काढले होते. निदान एखादा प्रश्न तरी गंभीरपणे विचारायचा.

"हा कागद ठेवून घेऊ का?" तिने विचारलं.

"फाईलमध्ये?" माझा आवाज चिरकला.

"नाही हो. आमच्या चहाच्या खोलीत, किटलीच्या वर लावायला."

पुढच्या गुरुवारी मी शपथ घेतली. राणी, तिचे वारस आणि उत्तराधिकारी, सगळ्यांशी एकनिष्ठ. त्या स्वेटरवाल्या बाईने हात मिळवताना हळूच विचारलं, "पायांची सूज कशी आहे?"

पासपोर्टला मात्र कुणी घाई केली नाही. सरकारला माझ्या उखाण्याची जेवढी पर्वा नव्हती, तेवढीच एप्रिलच्या तारखेचीही नव्हती. तो हातात पडला तेव्हा नात जन्मून नऊ दिवस झाले होते.

मी पोचले ती बाराव्या दिवशी. दार विहीणबाईंनी उघडलं. या बाई मुंबईला जाऊन पहाटेपासून रांगेत उभ्या राहिल्या होत्या, मुलाखत दिली होती, आणि भारतीय पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा घेऊन मार्चमध्येच हजर झाल्या होत्या. घरात डिंकाचे लाडू झाले होते, धुरी झाली होती, पाळण्याला झालर लागली होती. कळा सुरू झाल्या तेव्हा लेकीचा हात या बाईंनीच धरला होता.

"या, या," विहीणबाई म्हणाल्या. "वाट बघून बघून आम्ही उरकून घेतलं. आता तुम्ही तिकडच्या झालात म्हणे. राणीशी काहीतरी झालं होतं ना तुमचं?"

लेक आतून म्हणाली, "राणीने नाही अडवलं तिला. तिनेच स्वतःला दारात अडवून ठेवलं होतं."

मी हात धुतले. विहीणबाईंनी पुन्हा धुवायला लावले. मग त्यांनी नातीला माझ्या हातात दिलं, आणि माझा कोपर जरा वर उचलत म्हणाल्या, "मान नीट धरा हं. जमतं ना तुम्हाला?"

दोन मुलं वाढवलेली बाई मी. उत्तर अगदी जिभेवर आलं होतं, आणि चांगलं यमकात आलं होतं. मी मान धरली आणि म्हटलं, "तुम्ही दाखवा ना, कशी धरायची ती."