लाल ठिपके

प्लेटवर जंतूंचे लाल ठिपके उठले होते, आणि त्यांत चार पांढरेशुभ्र. वरच्या वॉर्डात रक्ताची हगवण लागलेली एक पोर होती, तिच्या शौचातून वाढवलेले हे जंतू. पुढच्या तपासणीसाठी मी पांढऱ्याकडे जंतू उचलायची तार नेली, तशा प्रयोगशाळेतल्या आमच्या सुनंदाताई कडाडल्या, “मुलगी बघायला आलीयेस का? गोरी दिसली की पसंत! रोग त्या लालांत आहे.”

खरंच होतं. या जंतूंच्या आत डीएनएचं एक सुटं कडं असतं. आतड्यात घुसायचं बळ त्यातच, आणि ते ज्याच्याकडे असेल तो प्लेटमधल्या खाद्यात मिसळलेला लाल रंग पितो. कडं मुळात उसनं. त्यांचे पूर्वज कधीकाळी आपल्या पोटात गुण्यागोविंदाने नांदत होते. दुसऱ्या कुणा जंतूकडून हे हाती आलं आणि घरातलेच घरावर उठले. इथे प्लेटवर आयतं खायला मिळतं, तेव्हा काही जण ते ओझं टाकून देतात आणि पांढरे होतात.

निरुपद्रवी होणं इतकं सोपं असतं? त्या चौघांवरून माझी नजर हटेना. पण पोरीला पांढऱ्यांनी आजारी पाडलं नव्हतं.

मी तार पुन्हा ज्योतीत धरली, निवू दिली, आणि सगळ्यात गडद ठिपक्यावर टेकवली.