डाव्या डोळ्याचा प्रयोग

बाबांच्या उशीखाली ती बाटली सापडली आणि माझं डोकंच फिरलं. कुठल्याशा वैद्याचे डोळ्यांत घालायचे थेंब! गावाकडच्या मित्राने दिलेले, बाटलीवर साधी चिठ्ठीसुद्धा नाही. आणि घालणारे कोण, तर तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेले माझे वडील.

बाबांची नजर मधोमध विझत चालली होती. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही. त्यांना इथे परदेशात, आंग मो किओच्या आमच्या फ्लॅटवर आणलं तेच मुळी इथल्या डॉक्टरांना दाखवायला. डॉक्टर भला माणूस. गेलेली नजर परत आणणारं औषध आज तरी आमच्याकडे नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मी याच शहरात, बुओना व्हिस्टा भागातल्या लॅबमध्ये दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी बघते. नातेवाईक 'आमची शास्त्रज्ञ' म्हणून मिरवतात. काय जाळायचंय ते शास्त्र? घरी येऊन वडिलांना ताटात भाजी कुठे वाढलीय ते सांगायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

"बाबा, तुम्ही? तुम्ही असले थेंब घालता?"

"ओरडू नकोस. फक्त डाव्यात घालतोय. महिना झाला. उजवा तसाच ठेवलाय, तुलनेला."

हसावं की रडावं, मला कळेना.

सातवीत ते माझेही सर होते. चारशे वर्षांपूर्वीचा युरोप असा रंगवायचे की मधल्या सुट्टीची घंटा नकोशी व्हायची. एकाने काचा घासून नळीत बसवल्या, नळी चंद्राकडे धरली, तर तिथे डोंगर! जुन्या ग्रंथांतला चंद्र मात्र गुळगुळीत. मोठमोठे पंडित म्हणे नळीला डोळा लावायलाच तयार नव्हते. "अरे, बघायचं तरी होतं!" बाबा वर्गात खरोखरच चिडायचे. मग लंडनच्या शास्त्रज्ञ मंडळींची गोष्ट. प्रयोग सगळ्यांदेखत करायचा, आणि जे दिसलं त्याखाली बघणाऱ्यांनी सह्या करायच्या. कोणी कितीही मोठा असो, नुसत्या शब्दावर काही मानायचं नाही.

"बाटली फेकायची तर फेक," बाबा म्हणाले, "पण आधी निकाल बघू. मला साक्षीदार हवा."

रविवारी सकाळी आम्ही खिडकीत बसलो. आमचा मजला तिसरा, खाली बसस्टॉप. एक डोळा हाताने झाकून बाबांनी येणाऱ्या बसचा नंबर सांगायचा, मी वहीत बरोबर की चूक ते लिहायचं. प्रत्येक डोळ्याला दहा बसेस. आधी उजवा, मग डावा. कोंबडीसारखी मान वाकडी करून, खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून ते बघत होते. नंबर मात्र अगदी ठणकावून सांगत होते, आणि मी दोन्ही डोळ्यांना फुलीखाली फुली मारत होते.

"डावा किती?"

"तीन," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

"तीन? खरंच?" त्यांचा चेहरा असा फुलला की कितीतरी दिवसांत तसा पाहिला नव्हता. लगेच हात पुढे आला. "आण ती बाटली. आता उजव्यातही घालू."

हा माणूस माझ्या शब्दावर उरलेला डोळाही पणाला लावायला निघाला होता.

"बाबा, एकही नाही. मी खोटं बोलले."

त्या पंडितांवर ओरडायचे तसे ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. खाली दोन बसेस येऊन गेल्या.

"मग तसं लिही," शेवटी ते म्हणाले. "दोन्ही डोळे सारखेच. थेंबांचा उपयोग नाही. आणि खाली सही कर."

मी लिहिलं. सही केली. त्यांनी वही मागून घेतली, डोळ्यांशी नेली, तिरकी धरली, लांब धरली, परत जवळ आणली.

"सही केलीस ना?" त्यांनी विचारलं.