कामतघरला हळू बोलण्याची तालीम

बायको महाबळेश्वर म्हणत होती, मी भिवंडी म्हणालो. यंत्रमागाच्या शेडमध्ये कामगारांनीच बसवलेल्या नाटकाची खुली तालीम. विषय ‘स्थलांतर आणि घराचा शोध’, प्रवेश फुकट. पन्नाशीच्या डोंबिवलीकराला असला शोध फुकटातच परवडतो. ती घरीच राहिली.

जाणार असाल तर शुक्रवारी जा. त्या दिवशी आसपासच्या शेडमधले लूम बंद असतात, एरवी त्यांच्या खडखडाटात शेजाऱ्याचंही बोलणं ऐकू येत नाही. कल्याणहून शेअर रिक्षा मिळते; कंबर आपापली सांभाळावी. मी रस्त्याबद्दल कुरकुरलो तर रिक्षावाला म्हणाला, “रस्ता न्हाय काका, सवय हाय.” कामतघरच्या नाक्यावर समोसा-पाव झकास मिळतो. आधीच खाऊन घ्या, नंतर भूक राहत नाही.

शेडमधले लूम भंगारात गेलेले, रविवारी उचलणार होते. त्यांच्या मधल्या गल्लीत रंगमंच. नायक यादगिरी, तेलंगणातून आलेला, तीस वर्षं याच लूमवर. शेवटच्या प्रसंगात गावच्या घराच्या दारात उभं राहून त्यानं हळुवार म्हणायचं होतं, “आलो.”

तो ओरडला. पत्रे थरथरले. आम्ही पोट धरून हसलो.

“यादगिरीदादा, कुजबुज हवीय मला,” पुण्याहून आलेली दिग्दर्शिका म्हणाली.

“हळूच बोललो की, मॅडम!” हेही ओरडूनच.

चार वेळा झालं. चारही वेळा हसलो.

नंतर मी त्याला म्हटलं, “मनाला लावून घेऊ नका, नाटक आहे.” तो माझ्या ओठांकडे बघत होता. लूमवरचे सगळे ओठच वाचतात.

“नाटकाचं सोडा, साहेब. सोमवारी मी खराच गावाला चाललो. कायमचा. मागच्या टायमाला नातीला हाक मारली, तर रडत आत पळाली. बायको बोलली, आल्या आल्या भांडता कशाला? मी तर पानी मागत होतो.”

मग शेडच्या दारात उभा राहिला. छातीवर हात ठेवून, डोळे मिटून म्हणाला, “आलो.” रस्त्यावरून जाणारी बाई दचकून थांबली.

“आता बरोबर ना?”

“अगदी हळू,” मी म्हणालो.

त्यानं माझे ओठ वाचले आणि लहान मुलासारखा हसला.

संध्याकाळी घरी पोचलो. दारातच हळूच म्हटलं, “आलो गं.” आतून लगेच उत्तर आलं, “चहा टाकते.”

सोमवार उलटून गेलाय. आतापर्यंत तो त्याच्या दारात उभा राहिला असेल. माझ्यावर विश्वास ठेवून.