शनिवारचं उप्पीट

निपाणीत आमच्या गल्लीतली बालवाडी आम्ही आयाच चालवायचो. सरकारी बालवाडीत सगळं कन्नडातनं, आमची पोरं तिथं नुसती बाईंच्या तोंडाकडं बघत बसायची, म्हणून ही आमची वेगळी. जागा मिळाली ती तंबाखूच्या वखारीमागची एक खोली. पोरं दिवसभर शिंकायची. ऐंशी-ब्याऐंशी साल असेल. मी कमिटीत होते म्हणजे काय, तर भांडणं मिटवायला होते. शिकवणाऱ्या बाई आल्या न्हाईत, पत्रा गळला, कुणाचं पोर कुणाला चावलं, की सगळं माझ्या दारात.

पोरांच्या खाण्याचे वार ठरलेले होते. एकेक दिवस एकेका घरानं उप्पीट करायचं, तिथल्याच स्टोव्हवर, सगळ्या पोरांसाठी. ज्या घराला वार, ते घर आपल्यातलं. असं कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं.

वखारीत तंबाखू निवडायला जाणाऱ्या एका बाईला मात्र वार मिळतच नव्हता. तिची मुलगी वर्षभर आमच्या पोरांत येत होती. "तू दिवसभर राबतीस, तुला कशाला तरास गं," आमच्या बायका म्हणायच्या, ते पण इतक्या मायेनं की ऐकणाऱ्याला वाटावं केवढा जीव लावतात. ती बौद्ध वस्तीतली होती. खरं कारण तेवढंच, आणि ते कुणी तोंडातनं काढत नव्हतं.

एकदा तिनं मला रस्त्यात गाठलं. "आक्का, पोरगी रोज इचारती, आपला वार कवा म्हणून. काय सांगू तिला?"

माझं डोकंच फिरलं. मीटिंगमध्ये मी सगळ्यांना फैलावर घेतलं. म्हटलं, खायचं तर सगळ्यांच्या हातचं, न्हाईतर लावा खोलीला कुलूप. वाटलं होतं आता जुंपणार. पण सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षीणबाई तर म्हणाल्या, "व्हय की, येऊ दे तिला शनिवारी."

शनिवारी ती कामावर खाडा करून आली. पोरीच्या वेणीला नवी रिबीन. "घरात हिला काय दिलं न्हाई आज," ती मला म्हणाली, "सगळ्यांसंगट खाऊ दे म्हटलं." उप्पीट लई झकास झालं होतं. कांदा, कढीपत्ता, वर ओलं खोबरं. त्या खोलीतला तंबाखूचा वास पहिल्यांदा मागं हटला. पोरीनं स्वतः सगळ्यांच्या पुढ्यात बशा ठेवल्या आणि आपली बशी घेऊन त्यांच्या रांगेत बसली.

पण पोरं हातच लावेनात. विचारलं तर एकेक जण सांगायला लागलं, "माझं पोट भरलंय." आयांनी सकाळी सकाळी घरातच गच्च जेवू घालून पाठवलं होतं एकेकाला. नको म्हणायला नको, भांडायला नको, आणि विटाळही नको. केवढं डोकं चालवलं होतं बयांनी. माझ्या पोरानं खाल्लं. मीही हट्टानं खाल्लं. दारात उभ्या राहिलेल्या आयांना मी नको नको ते बोलले. त्यांतली एक खाली बघत म्हणाली, "पोरं खात न्हाईत, त्याला आमी काय करणार?"

मला त्या वेळी रडू येत होतं आणि कुणाला तरी बडवावंसंही वाटत होतं.

पोरीची आई मात्र शांत होती. "राहू दे आक्का," एवढंच म्हणाली. मग पोरीजवळ बसली आणि तिच्या बशीतला एक घास उचलला. "खा गं बाळ. तू तरी खा."

पोरीनं समोरच्या भरलेल्या बशांकडं बघितलं, शेजारच्या पोरांकडं बघितलं. मग आपली बशी हळूच पुढं सारली.

"नको आई. माझं बी पोट भरलंय."