भिंतीवरचा काळा ठिपका

साल एकोणऐंशी, तवा मी बावीस वर्षांचा. आज पोरानं चुना मारला, तरी त्या वर्षीचा काजळीचा डाग खालून दिसलाच.

सोनारीच्या जत्रेत घेतलेलं पुस्तक अक्षर अक्षर लावून वाचत मी संमोहन शिकत होतो. नजर बसावी म्हणून महिनाभर भिंतीवर काजळीनं काढलेल्या ठिपक्याकडं बघत बसायचो. त्यात आईची दाढ ठणकायला लागली. मी तिच्यासमोर बसलो. "माझ्या डोळ्यात बघ. तुला झोप येतीय."

"डोळं कशाला वटारतूस? दाढ भिऊन पळायची का?"

धाकटा भाऊ म्हादू हसला. पुस्तकाला त्यानं हातसुदीक लावला न्हवता. आईच्या कपाळावर हात ठेवून तो विहिरीच्या गार पाण्याचं हळूहळू सांगत बसला, आणि ती घोरायला लागली.

म्हादू जाऊन लई वर्षं झाली, तरी त्याला ते जमलं म्हणून अजून जळतं.

आई घोरली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काजळी फासून तो ठिपका भाकरीएवढा केला.