सलोमीबाईंचे तोंड पश्चिमेला

शांतवन पारखे यांनी बुधवारच्या शास्त्राभ्यासात इतक्या वर्षांत एकही प्रश्न विचारला नव्हता. ते यायचे, चपला बाहेर भिंतीला लावून सरळ ठेवायचे, मागच्या बाकाच्या कोपऱ्यात बसायचे आणि शेवटचे आमेन झाले की नाशिक रोडहून मिळेल त्या रिक्षाने देवळाली कॅम्पला परत जायचे. त्यामुळे त्या दिवशी त्यांनी हात वर केला तेव्हा आमच्या पाळकसाहेबांना वाटले, ते पंखा कमी करायला सांगत असावेत.

"पंखा असू द्या," मामा म्हणाले. सगळी मंडळी त्यांना मामाच म्हणते. "माझं विचारणं असं हाय, की देवाचं राज्य येईल आणि मेलेले उठतील, तेव्हा ते कुठं तोंड करून उठतील?"

त्या महिन्यात आमचा विषयच देवाचे राज्य हा होता. पाळकसाहेब तरुण आहेत, आडनाव आढाव. त्यांनी मोठ्या उत्साहाने विषय घेतला होता, पण दुसऱ्याच बुधवारी बाकांच्या दोन बाजू पडल्या होत्या. एका बाजूला सुनील भालेराव, रेल्वेतले निवृत्त तिकीट तपासनीस. त्यांचे म्हणणे, राज्य अजून यायचे आहे. ते डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल, आणि ख्रिस्त या पृथ्वीवर हजार वर्षे राज्य करील. त्यांनी तो सारा क्रम एका मोठ्या कागदावर रंगीत पट्ट्यांनी काढून आणला होता. दुसऱ्या बाजूला तृप्ती मकासरे, बिटको चौकाच्या पलीकडे राहणाऱ्या, कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या. त्यांचे म्हणणे, येशूने राज्य जवळ आले आहे असे सांगितले, रोग्यांना बरे केले, भुकेल्यांना जेवू घातले. म्हणजे ते तेव्हाच सुरू झाले. आपण ते आभाळात शोधतो आणि दारातल्या माणसाला विसरतो.

"सुरू झालंय तर दर रविवारी 'तुझे राज्य येवो' कशाला म्हणता?" सुनीलभाऊ विचारायचे. "फलाटावर उभ्या असलेल्या गाडीला कोणी ये ये म्हणतं का?"

"तुमच्या खात्याच्या गाड्या उभ्या असल्या तरी आल्यात असं म्हणवत नाही," तृप्तीताई म्हणायच्या.

मी या दोघांच्या मधल्या बाकावर बसतो. मी एका पतसंस्थेत लेखापाल आहे, येत्या वर्षी निवृत्त होईन, आणि मंडळीच्या कब्रस्तान समितीचा सचिव आहे. दोन्ही बाजू ऐकून मला दोन्ही पटत. माझ्या धंद्यात असे चालत नाही, म्हणून मला त्या चर्चेचे फार कुतूहल होते.

मामांच्या प्रश्नाला सुनीलभाऊंनीच उत्तर दिले. त्यांना तो सोपा वाटला. "पूर्वेला. प्रभू येईल तो पूर्वेकडून चमकणाऱ्या विजेसारखा. म्हणूनच आपण डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला करून पुरतो. उठून बसलं की समोर पूर्व."

"तेच मला वाटलं," मामा म्हणाले. "मग आमच्या सलोमीचं तोंड पश्चिमेला हाय."



सलोमीबाई म्हणजे मामांची बायको. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या गेल्या. तेव्हा मामा स्वतः तापाने घरात कोंडलेले होते. पेटी पांढरे पोशाख घातलेल्या, बाहेरून आलेल्या चार माणसांनी कब्रस्तानात नेली. पाळकसाहेबांनी फाटकाबाहेरून प्रार्थना केली. सुनीलभाऊंनी भिंतीवरून मोबाइल धरून चित्रीकरण केले आणि ते मामांना पाठवले. मामांनी ते तेव्हा उघडलेच नाही.

आता त्यांच्या मुलीने, वेदिकाने, पुण्याहून सांगितले की लाकडी क्रूस कुजला, आईच्या कबरीवर दगड बसवू या. त्या ओळीत त्या दिवसांतल्या बऱ्याच कबरी आहेत. नेमकी कुठली ते पाहायला मामांनी चार वर्षांनी ती चित्रफीत उघडली.

"पेटी खांद्यापाशी रुंद असते," मामा आम्हाला सांगू लागले. "आन् पायाकडं निमुळती. सुनीलभाऊ, तुमच्या फोनात सगळं साफ दिसतंय. रुंद बाजू चिंचेकडं गेली. चिंच पूर्वेला हाय. मी जन्मभर फौजी लोकांच्या खांद्याची मापं घेतली. खांदा कुठं हाय ते मला कळतं."

सुनीलभाऊंचा चेहरा उतरला. चित्रीकरण त्यांचे होते आणि पूर्वेचा आग्रहही त्यांचाच.

मामांचे दुकान कॅम्पच्या बाजारात होते. तोफखान्याच्या जवानांच्या वर्द्या, नावाच्या पट्ट्या, फिती, सगळे ते शिवत. नव्या रंगरुटाची पँट लांब झाली की कवायतीचा उस्ताद त्याला त्यांच्याकडे पाठवायचा. सलोमीबाई काज आणि बटणे करायच्या. दुकानात मामा फार बोलत नसत. बोलायचे काम सलोमीबाई करायच्या. बिहारच्या पोरापासून केरळच्या सुभेदारापर्यंत सगळ्यांच्या घरची खबर त्यांना असायची. पण एक गोष्ट त्यांना कधी जमली नाही. दिशा. बाजाराच्या एका गल्लीतून आत शिरल्या की दुसऱ्या गल्लीतून बाहेर यायच्या आणि दुकान कोणी हलवले म्हणून विचारायच्या.

"म्हणून मला काळजी," मामा म्हणाले. "बाकी सगळे पूर्वेला चालू लागतील, आणि ही एकटी फाटकाकडं जाईल. फाटकातून बाहेर रस्ता. मग कुठं शोधायची? मला समितीला विनंती करायचीय. कबर उघडून तिला सरळ करा."

मला एकदम माझ्या पदाची आठवण झाली. मी सांगितले की कबर उघडायला सरकारी परवानगी लागते, कारण द्यावे लागते, आणि हे कारण कुठल्या साहेबाला कसे सांगायचे ते मला माहीत नाही. पण प्रयत्न करून बघता येईल.

"मामा, देव काय तिला पीछे मुड म्हणणार नाही का?" सुनीलभाऊ हळूच म्हणाले. चेष्टा म्हणून नव्हे, त्यांना खरेच वाट काढायची होती.

"हुकूम ऐकायची तिला सवय नव्हती," मामा म्हणाले.

पुढचा बुधवार लवकर आला. नेहमीपेक्षा माणसे जास्त होती. सुनीलभाऊंनी रंगीत कागद आणला नव्हता. तृप्तीताईंनी सुरुवात केली. राज्य म्हणजे दिशा नव्हे, जागा नव्हे. माणसामाणसांत देव जे घडवतो ते. तेव्हा देह कसा ठेवला याने काही बिघडत नाही.

"ताई, तुमचं बरोबर असंल," मामा म्हणाले. "पण मग ती आता कुठं हाय? तुमच्या राज्यात मेलेल्यांचं काय?"

 तृप्तीताई म्हणाल्या, "ते मला माहीत नाही, मामा." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले.

पाळकसाहेब मध्ये पडले. "शास्त्रात दोन्ही आहे. आलं असंही आहे आणि यायचं असंही आहे. मोहरी पेरली गेलीय, झाड व्हायचंय."

मामांनी विचार केला. "म्हणजे माप घेऊन झालं, कापडही कापलं, पण अंगात घालायचं राहिलं, असं?"

"अगदी असं."

"ट्रायल बाकी आहे अजून," सुनीलभाऊ म्हणाले, आणि आठवड्यात पहिल्यांदा सगळे हसले.

हसण्याच्या त्या सैल वेळेत तृप्तीताईंनी विचारले, "मामा, मामी एकदा लासलगावला गेल्या होत्या ना? आई सांगायची."

मामा बाकावर जरा मागे टेकले. लग्नाला दोनेक वर्षे झाली होती. सलोमीबाईंना माहेरी घोटीला जायचे होते. मामांनी त्यांना देवळाली स्टेशनवर सोडले आणि दुकानात गिऱ्हाईक होते म्हणून गाडी यायच्या आत परतले. मुंबईकडे जाणाऱ्या पॅसेंजरऐवजी त्या भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसल्या. शेजारच्या बाईशी बोलता बोलता नाशिक रोड गेले, निफाड गेले, आणि लासलगावला ती बाई उतरली तेव्हा सलोमीबाईंच्या लक्षात आले की घोटी मघाशीच यायला हवे होते. लासलगावच्या स्टेशनमास्तरने देवळालीला निरोप दिला. मामा हातातली वर्दी टाकून निघाले.

"पोचलो तर ही फलाटावर बसलेली. कांदा निवडणाऱ्या बायका होत्या पाचसहा, त्यांच्यात. त्यांची भाकरी खात होती. एकीच्या पोराचं बटण तुटलेलं, ते लावून देत होती. मी लय रागावलो. म्हटलं, परतीच्या गाडीत बसायचं नाय का? तर म्हणते, पुन्हा चुकले असते. तुम्ही येणार हे माहीत होतं, म्हणून हलले नाही."

"बघा," तृप्तीताई म्हणाल्या. "अनोळखी बायका, भाकरी, पोराचं बटण. मी म्हणते ते राज्य हेच."

"हे राज्य नव्हे, हे लासलगाव," सुनीलभाऊ म्हणाले. पण थोड्या वेळाने त्यांनीच पुस्ती जोडली, "मात्र आणायला कोणीतरी आलं होतं. आलं नसतं तर तुमची भाकरी किती दिवस पुरली असती?"

  त्या दिवशी आमेननंतर मामा लगेच उठले नाहीत.

शनिवारी सकाळी पाळकसाहेब, मामा, सुनीलभाऊ आणि मी कब्रस्तानात गेलो. पाळकसाहेबांना एक जुनी कबर दाखवायची होती. इंग्रजांच्या काळातल्या एका मिशनरी साहेबाची ती कबर मी अनेकदा पाहिली होती, तिच्या डागडुजीचा खर्चही मंजूर केला होता, पण तिचा दगड बाकीच्यांच्या उलट, पूर्वेच्या टोकाला आहे हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. पाळकसाहेबांनी सांगितले की काही ठिकाणी पाळकाला असे उलटे पुरायची रीत होती. मंडळी पूर्वेला तोंड करून उठेल, पाळक पश्चिमेला. म्हणजे तो उठताच आपल्या लोकांसमोर उभा असेल.

"म्हणजे मामींना पाळकाचा मान मिळाला," सुनीलभाऊ घाईने म्हणाले. त्यांच्या मनावरचा दगड उतरला होता. "आता उघडायचं कारणच नाही."

मामांनी साहेबाच्या कबरीला एक फेरी घातली. "साहेबाला उपदेश येत होता," ते म्हणाले. "तिला कुठं येत होता? मान राहू द्या. ती उठल्यावर तिच्या समोर कोण असंल, तेवढं बघू."

ते सलोमीबाईंच्या कबरीपाशी गेले. दोन्ही अंगांना दुसऱ्यांच्या कबरी आहेत, तिथे जागा नाही. पायथ्याशी, म्हणजे पश्चिमेला, एका कबरीपुरती मोकळी जागा आहे आणि त्यापुढे पाण्याचा नळ. नळ गळतो, म्हणून ती जागा आम्ही कोणाला देत नाही. मामा तिथे जाऊन उभे राहिले. चपला चिखलात रुतल्या. त्यांनी पूर्वेला तोंड केले. समोर सलोमीबाईंची कबर, तिच्यामागे चिंच.

"सचिवसाहेब, ही जागा मला द्या."

"मामा, इथे कायम ओल असते."

"नळ हलवता येतो. माणूस हलवायला परवानगी लागते, असं तुम्हीच म्हणाला." ते पुन्हा पूर्वेकडे बघू लागले. "मला सगळ्यांसारखंच पुरा. पाय पूर्वेला. मी उठलो की ती समोर, आणि ती उठली की मी समोर. तिला वळवून पूर्वेला न्यायचं काम माझं. तवर ती जागची हलायची नाय."

सुनीलभाऊ पुढे आले, त्यांनी हाताने दिशा मोजल्यासारखी केली, आणि मान डोलावली. "बसतंय," ते म्हणाले. "शास्त्राच्या विरुद्ध काही जात नाही."

समितीने नळ हलवायचे ठरवले. कबर उघडण्याचा विषय मामांनी मागे घेतला. बुधवारची चर्चा संपली नाही; सुनीलभाऊंचा रंगीत कागद पुन्हा आला, तृप्तीताईंचे टोमणेही आले. मी अजून मधल्या बाकावर आहे. फक्त आता 'तुझे राज्य येवो' म्हणताना, ते यावे तर कोणी घ्यायला जायचे आणि कोणी जागेवर थांबायचे, असा प्रश्न माझ्या मनात येतो. आधी येत नव्हता.

दगड बसवायला वाळू नावाचा गवंडी आला, त्या दिवशी मीही होतो. नळ अजून हलवलेला नव्हता, तरी मामा आपल्या जागेतच उभे होते. त्याने ओळीतले सगळे दगड पाहिले आणि खड्डा पश्चिमेला काढायला घेतला. मामांनी त्याला थांबवून पूर्वेचे टोक दाखवले.

"मामा, सगळ्यांचे तिकडं हायेत. लोक मला म्हणतील, उलटा बसवला."

"डोकं तिथं हाय, दगड तिथंच. आणि अक्षरं इकडं, माझ्याकडं."

"तुम्ही तर चिखलात उभे."

"मी उभा हाय तिकडंच."

वाळूने दगड उभा केला. "उठताना चष्मा नसंल," म्हणत मामांनी तो काढून खिशात ठेवला, डोळे बारीक केले आणि नाव वाचून पाहिले.

"जरा डावीकडं घे," ते म्हणाले. "अजून थोडा. बस. आता इथून दिसतंय."